एका वेळी एकच पान

एक्सएमएल म्हणजे मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला आधी-नंतर नावाची खूण, म्हणजे टॅग, लावून तो फायलीत ठेवायची पद्धत. तिच्याबद्दल हल्ली कोणी चांगलं बोलत नाही. नव्या पोरांसमोर नाव काढा, नाक मुरडतात. "जेसॉन असताना हे कशाला?" जेसॉन ही डेटा लिहून ठेवायची सुटसुटीत पद्धत, त्यामुळे तक्रार खोटीही नाही. एक आकडा सांगायचा तर आधी टॅग उघडायचा, आकडा लिहायचा, मग तोच टॅग तिरकी रेघ मारून बंद करायचा. पगारपत्रक किंवा सेटिंगच्या फायलींसाठी एवढा सोपस्कार मलाही नको वाटतो. पण माणसांनी लिहिलेल्या लांबलचक मजकुरासाठी, ज्यात मध्येच ठळक अक्षर येतं, मध्येच तळटीप येते, त्यासाठी मला अजून दुसरं काही पटलेलं नाही. त्याचा जन्मच मुळी कागदपत्रांसाठी झाला. १९६९ मध्ये आयबीएमच्या चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी वकिली कचेऱ्यांच्या दस्तऐवजांसाठी जीएमएल नावाची खुणांची भाषा काढली. वरवर 'जनरलाइज्ड मार्कअप लँग्वेज', पण जी, एम, एल ही तिघांच्या आडनावांचीही आद्याक्षरं. आपली नावं अशी बेमालूम घुसवणाऱ्या या माणसांबद्दल मला कौतुक आहे. पुढे १९८६ मध्ये तिचं एसजीएमएल झालं, ते आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक बनलं, आणि त्याचीच आटोपशीर आवृत्ती म्हणजे १० फेब्रुवारी १९९८ रोजी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने जाहीर केलेलं एक्सएमएल १.०.

मराठी मजकुराचा असा एक भलामोठा एक्सएमएल गठ्ठा कोणालाही फुकट उतरवून घेता येतो, हे फार जणांना ठाऊक नसतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. विकिमीडिया, म्हणजे विकिपीडिया चालवणारी संस्था, आपल्या सगळ्या प्रकल्पांचा साठा नियमाने फायलींच्या रूपात काढून ठेवते. त्याला डम्प म्हणतात. त्यात मराठीचाही असतो. सगळे लेख, साचे, वर्ग, पुनर्निर्देशनं, एकाच्या शेपटीला दुसरं अशी एका फायलीत. ती सेव्हन-झिप या दाबलेल्या फायली उघडणाऱ्या प्रोग्रामने उलगडून नोटपॅडमध्ये उघडायला गेलात तर नोटपॅड हात वर करतं.

ही फाइल मी हातात घेतली ती मामांमुळे. मामा उभं आयुष्य मुद्रितशोधक होते, खिळ्यांच्या छपाईपासून संगणकाच्या अक्षरजुळणीपर्यंत. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये वाढलेले चार, असे अठराच्या अठरा त्यांना तोंडपाठ आहेत. निवृत्तीनंतर त्यांच्या डोक्यात एक किडा शिरला: लोक नेमकं कुठे चुकतात? म्हणजे 'आणि' हा शब्द ऱ्हस्वच लिहायचा असं नियम सांगतो, मग 'आणी' लिहिणारे किती? 'परंतु'चं 'परंतू' किती वेळा होतं? 'म्हणून'चं 'म्हणुन'?

"अगं, नियम सगळे सांगतात, मोजत कोणी नाही," मामा म्हणाले. "तुझ्या त्या कॉम्प्युटरला मोजता येईल ना?"

"येईल मामा. पण मोजायला मजकूर हवा, भरपूर."

"मग आण की."

प्रोग्राम त्यांच्याच संगणकावर चालला पाहिजे, ही त्यांची अट. संगणक जुना, चार जीबी रॅमचा, विंडोजचा. नेट येतं-जातं. ब्राउझरमध्ये काही उघडून दिलं तर त्यांना ते परक्याच्या घरात बसल्यासारखं वाटतं. त्यांना हवी होती एक खिडकी, त्यात मोठ्या अक्षरांतली यादी आणि छापायचं बटण. म्हणून सी शार्प या भाषेत विनफॉर्म्सचा, म्हणजे विंडोजच्या खिडक्या-बटणांचा, साधा प्रोग्राम करायला घेतला. हे विनफॉर्म्सही आता जुनाट समजलं जातं. जुना संगणक, जुनं फॉर्म, जुनं एक्सएमएल आणि मामा, असा सगळा मेळ छान जमला.

सी शार्पचे प्रोग्राम ज्यावर चालतात त्या डॉटनेटमध्ये एक्सएमएल वाचायच्या मोठ्या वाटा दोन. पहिलीत सबंध फाइल एकदम आत घ्यायची आणि तिचं झाड मेमरीत उभं करायचं. प्रत्येक टॅग ही एक फांदी, हव्या त्या फांदीवर हवं तेव्हा जा, मागे या, पुन्हा जा. पुस्तकात पहिल्यांदा हीच शिकवतात, कारण ती सोयीची आहे. शंभर-दोनशे नोंदींच्या फायलीला ती उत्तमच. पण विकिपीडियाचा डम्प असा उभा करायचा म्हणजे प्रत्येक टॅगमागे, प्रत्येक रिकाम्या ओळीमागे एकेक वस्तू मेमरीत जन्माला येते. चार जीबीत विंडोज आधीच पाय पसरून बसलेलं असतं. माऊसचा बाण गोल फिरायला लागतो, पंखा घोंघावतो आणि शेवटी मेमरी संपल्याचा निरोप येतो.

दुसरी वाट एक्सएमएल रीडरची. तो फायलीतून फक्त पुढे जातो. एका वेळी एकच गोष्ट दाखवतो: इथे टॅग उघडला, इथे मजकूर आहे, इथे टॅग मिटला. मागचं त्याला आठवत नाही, पुढचं माहीत नाही. हवं ते त्याच क्षणी उचलून घ्यायचं, नाहीतर गेलं. फाइल एक एमबीची असो की दहा जीबीची, मेमरी लागते ती हातातल्या एका पानापुरती.

मामांना हे समजावून सांगताना त्रास पडला नाही. गॅली प्रुफं, म्हणजे पानं पाडण्याआधीचे कच्चे छापे, तपासताना ते वाक्य वाचत नसत, अक्षरं वाचत. अर्थ लागायला लागला की डोळे पुढे धावतात आणि चूक निसटते, म्हणून अर्थ लागू द्यायचा नाही, ओळीखाली पट्टी धरून एकेक शब्द पार करायचा. कित्येक कादंबऱ्या त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तपासल्या आणि गोष्ट काय होती ते त्यांना सांगता येत नाही. "म्हणजे तुझा हा रीडर आमच्याच धंद्यातला," ते म्हणाले.

रीडरच्या स्वभावात एक खोच आहे, ती ठाऊक नसेल तर फार छळते. एखाद्या टॅगमधला मजकूर एका झटक्यात वाचून देणारी जी सोय आहे, ती मजकूर देऊन झाल्यावर मिटणाऱ्या टॅगच्याही पलीकडे जाऊन उभी राहते. आणि आपण चक्र फिरवत असतो ते 'पुढे चल, पुढे चल' म्हणत. मग ज्या टॅगवर तो आधीच उभा आहे त्यावरूनच आपण त्याला पुढे ढकलतो, आणि एक आड एक टॅग गळत जातो. गंमत अशी की विकिपीडियाच्या फायलीत हे दिसतच नाही. तिथे दोन टॅगांच्या मध्ये नवी ओळ आणि चार मोकळ्या जागा असतात. रीडर त्या मोकळ्या जागेवर उभा असतो, आपण ढकलतो, तो बरोबर पुढच्या टॅगवर येतो. चूक जागच्या जागी असते, नुसत्या मोकळ्या जागा तिला पोटात घालतात. एखाद्या दिवशी वेग वाढवायला म्हणून 'मोकळ्या जागा दाखवू नकोस' असं सेटिंग केलं की तोच प्रोग्राम अर्धा डेटा गिळायला लागतो. रिकाम्या जागेवर प्रोग्राम टेकलेला असतो, हे कोणाच्या मनातही येत नाही.

दुसरी खोच नेमस्पेसची. डम्पच्या पहिल्याच टॅगवर एक लांबलचक पत्ता असतो. तो वेबसाइटसारखा दिसतो, पण तिथे जायचं नसतं. या फायलीतले टॅग कोणत्या घराण्याचे, एवढंच तो सांगतो. 'पेज' नावाचा टॅग शोधा म्हटलं तर झाडाच्या पद्धतीत शून्य उत्तरं येतात. एररही येत नाही, नुसतं शून्य. कारण आपण बिनघराण्याचं 'पेज' मागितलेलं असतं आणि फायलीतलं प्रत्येक 'पेज' त्या पत्त्याच्या घराण्यातलं असतं. शिवाय त्या पत्त्यात आवृत्तीचा आकडा असतो. ०.१० चा ०.११ झाला की टॅगांची नावं तीच, पण घराणं बदललं, आणि काल चालणारा प्रोग्राम आज मुकाट शून्य दाखवतो. रीडरने वाचताना मी घराणं विचारतच नाही, नुसतं स्थानिक नाव बघते. शास्त्रशुद्ध मंडळींना हे आवडणार नाही. चालेल.

मामांसाठी पडद्यावर मी आणखी दोन गोष्टी ठेवल्या. वाचन वेगळ्या धाग्यावर, म्हणजे खिडकीच्या कामाला समांतर, नेलं, नाहीतर खिडकी गोठते, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं आणि मामा सरळ प्लगच काढतात. दुसरी म्हणजे प्रगतीची पट्टी. एकूण पानं किती ते रीडरला माहीत नसतं, मग टक्के कशाचे काढणार? पण फायलीचे एकूण बाइट किती आणि त्यांतले किती सरले, हे फाइल वाचणाऱ्या खालच्या थराला विचारता येतं. पट्टी त्यावर चालते. तिच्याखाली चालू पानाचं नाव झळकतं. दर पानाला नाव बदललं तर वाचण्यापेक्षा रंगवण्यातच वेळ जातो, म्हणून मधूनमधूनच बदलते. मामा ती नावं बघत बसतात. एखादा तालुका, मग एखादा क्रिकेटपटू, मग 'इ.स.' लावलेलं कुठलंतरी साल, मग एखादी वनस्पती. "हे काय क्रमाने लावलंय?" त्यांनी विचारलं. साधारणपणे पान ज्या क्रमाने जन्मलं त्या क्रमाने, मी म्हटलं. वर्णानुक्रम नाही, विषयवारी नाही. एका भाषेतल्या लोकांना एकेक गोष्ट ज्या ओळीने सुचत गेली, त्या ओळीने.

टॅग मिटला म्हणजे वाचन संपलं असं नाही, हे या कामात पक्कं कळतं. लेखाचा मजकूर असलेल्या टॅगच्या पोटात विकीची स्वतःची वेगळी खुणांची भाषा असते: महिरपी कंसांतले साचे, दुहेरी चौकटी कंसांतले दुवे, तीन अवतरणचिन्हांतलं ठळक. एक्सएमएलच्या दृष्टीने हा सगळा नुसता मजकूर. त्याने आपलं काम दारापर्यंत केलं, आत काय आहे त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मला हे एक्सएमएलचं मोठेपण वाटतं. पान कुठे सुरू झालं, कुठे संपलं, नाव काय, मजकूर कोणता, एवढं तो बिनचूक सांगतो, आणि एक जरी टॅग मिटायचा राहिला असेल तर 'साधारण असं असावं' असं म्हणून पुढे जात नाही, तिथेच थांबतो. ब्राउझर एचटीएमएलच्या चुका पोटात घालतात. एक्सएमएलच्या नियमांत मात्र लिहूनच ठेवलंय की अशी चूक सापडली की नेहमीसारखं काम पुढे चालू ठेवायचं नाही. मामांना हा नियम फार आवडला. त्यांच्या मते तो एकोणिसावा असायला हवा होता.

खरी मराठी भानगड यानंतर. शब्द तोडायचे म्हणजे नागरी अक्षरांचा सलग तुकडा उचलायचा. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या अक्षरांना आकडे देणाऱ्या मानकात, नागरीचा पट्टा ठरलेला आहे, त्यातून दंड आणि अंक वगळले की झालं, असं वाटतं. पण 'दुसऱ्या' घ्या. यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन रीतींनी लिहिलेला सापडतो. एक, त्यासाठीचं खास अक्षर ऱ, त्याला हलन्त आणि पुढे य. दुसरी, साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. जुन्या मराठी मजकुरात, २००५ ते २०१० च्या आसपासच्या, दुसरी रीत सर्रास दिसते, कारण तेव्हाचे कीबोर्ड आणि फाँट तसे होते. आणि ते अदृश्य चिन्ह नागरीच्या पट्ट्यात नाही, ते भलतीकडेच राहतं. पट्ट्याबाहेरचं सगळं शब्दतोड मानलं की 'दुसर्‍या'चे दोन तुकडे होतात: पाय मोडलेला 'दुसर्' आणि स्वतंत्र 'या'. मग 'या' हा आधीच मराठीतला वापरून गुळगुळीत झालेला शब्द, त्याची संख्या आणखी फुगते, आणि यादीच्या तळाशी 'तिसर्', 'सार्', 'वार्' असे लंगडे शब्द गोळा होतात. तसे दिसले की समजावं.

'ॲ'चं तर तीन प्रकारांनी. अ वर चंद्र काढलेलं स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत आलं. तोपर्यंत लोकांनी अ ला सरळ मात्रेचा चंद्र लावला, किंवा मध्ये तेच अदृश्य चिन्ह घालून लावला. म्हणून 'ॲल्युमिनियम' यादीत तीनदा येतो, आणि तिघांमध्ये डोळ्यांना काडीचा फरक नाही. (जाता जाता: एक्सएमएलमध्ये टॅगचं नावही मराठीत ठेवता येतं, 'गाव', 'तालुका' असं. पण एक्सएमएल १.० च्या चौथ्या आवृत्तीपर्यंत नावात चालणाऱ्या अक्षरांची यादी जुन्या युनिकोडवर गोठवलेली होती, त्यामुळे 'ॲ' ने सुरू होणारं नाव नियमबाह्य ठरत असे. २००८ च्या पाचव्या आवृत्तीने तो दरवाजा उघडला.)

एक्सएमएल रीडर या सगळ्यात तटस्थ. त्याच्यासाठी तिन्ही रूपं कायदेशीर. जसं लिहिलंय तसं तो पोचवतो, एकरूप करून देत नाही, आणि द्यायलाही नको. मी मामांना विचारलं, ही रूपं एकत्र मोजू की वेगळी?

"दिसतात सारखी?"

"अगदी सारखी."

"मग एकच. कागदावर फरक नाही तो फरकच नाही."

मुद्रितशोधकाचं उत्तर. मोजण्याआधी सगळं एका रूपात आणलं. यादीचा क्रमही मराठी वर्णमालेने लावावा लागला. नुसत्या युनिकोडच्या आकड्यांनी लावली तर ळ हा ल च्या शेजारी जाऊन बसतो, आणि मामांच्या वर्णमालेत त्याची जागा ह च्या नंतर आहे. तिथे तडजोड शक्य नव्हती.

छापील यादी हातात आल्यावर मामांनी लाल पेन काढलं. पहिल्या काही पानांवर खुणा झाल्या आणि ते थबकले. एका चुकीच्या रूपाची संख्या भलतीच मोठी होती, नेहमीच्या चुकांच्या रांगेत न शोभणारी. "हे इतके लोक लिहितात? मला नाही वाटत. बघ जरा, हे किती जणांनी लिहिलंय?"

प्रश्न अचूक होता. मराठी विकिपीडियावर गावांची पानं पुष्कळ आहेत. अमुक जिल्ह्यातल्या अमुक तालुक्यातलं गाव, मग हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. सालांची पानं आहेत, त्यांत ठळक घटना आणि घडामोडी, जन्म, मृत्यू. अशा पानांचा सांगाडा एकदा कोणीतरी लिहितो आणि मग तो डकवला जातो, कधी माणसाकडून, कधी बॉटकडून, म्हणजे आपोआप बदल करणाऱ्या प्रोग्रामकडून. बॉटला मराठी विकिपीडियावर 'सांगकाम्या' म्हणतात. एका हाताने एकदा केलेली चूक अशी शेकडो गावांत जाऊन वस्तीला राहते. माझा प्रोग्राम ती शेकडो चुका म्हणून मोजत होता. मजकूर बघितला तर तसं खरंही होतं, पण माणसं शोधली असती तर एकच निघाला असता.

'किती जणांनी' याचं उत्तर फायलीत आहे की नाही, असं मामांनी विचारलं असतं तर मी अर्धवट मान हलवली असती. दर पानाच्या पोटात आवृत्तीचा टॅग असतो, त्यात वेळ असते, संपादकाचं नाव किंवा आयपी, म्हणजे त्याचा इंटरनेटवरचा पत्ता, असतो, बदलाचा सारांश असतो. मी पहिल्या दिवसापासून ते सगळं ओलांडून जात होते. रीडरला 'हे वगळ' म्हणायची सोय आहे आणि या कामात ती मजकूर वाचण्याच्या सोयीपेक्षा जास्त वेळा वापरली जाते. पण ते टॅग वाचले असते तरी काम झालं नसतं. या डम्पमध्ये पानाची फक्त शेवटची आवृत्ती असते, म्हणून नाव असतं ते शेवटी हात लावणाऱ्याचं. त्याने कदाचित नुसता एक वर्ग जोडला असेल. मूळ वाक्य कोणाचं, हे पाहायला सगळ्या आवृत्त्यांचा वेगळा डम्प घ्यावा लागतो, आणि तो मामांच्या डिस्कवर मावण्यातला नाही.

म्हणून माणसं सोडून शेजार मोजला. चुकलेल्या शब्दाच्या आधीचा एक शब्द आणि नंतरचा एक, असं तिघांचं त्रिकूट घ्यायचं आणि वेगळी त्रिकुटं किती ते मोजायचं. डकवलेल्या मजकुरात शेजारी तेच असतात, त्यामुळे शेकडो गावांचा आकडा एकवर येतो. खरोखर लोकांच्या हातून सुटणारी चूक नाना प्रकारच्या शेजारात सापडते. यादीला तीन रकाने झाले: एकूण वेळा, किती पानांत, किती शेजारांत. तिसऱ्यावरून क्रम लावल्याबरोबर तो फुगलेला शब्द खाली घसरला आणि 'म्हणुन', 'आणी' ही जुनी गिऱ्हाइकं वर आली. "हां, हे माझ्या ओळखीचे," मामा म्हणाले.

संपादकांची नावं मी अजूनही वाचत नाही, आता ती हौसेने वगळते. मामांचा स्वभाव बघता ती यादीत आली तर प्रत्येकाला पोस्टकार्ड जाईल. त्याऐवजी त्यांनी चौथा रकाना मागितला, पानाच्या नावांचा, दोनदा टिचकी मारली की ते पान ब्राउझरमध्ये उघडेल असा. परक्याच्या घरात बसायला त्यांची आता हरकत नाही. सदस्य खातं काढून झालंय, पहिल्या दुरुस्त्याही झाल्या आहेत, आणि सध्या फोनवर पहिला प्रश्न असतो तो पुढचा डम्प कधी निघणार याचा.